ओटावाचं बियाणं

१४ मे २०११, शनिवार

म्हणजे कुणी खाल्लाच नाही. एकाही घरात नाही. गेल्या ऑगस्टात मी दारोदार फिरून ज्याच्या त्याच्या हातात दिलेल्या जुड्या, पातीसकट सुतळीनं बांधलेल्या, त्या आज आमच्या सामाईक गार्डनच्या शेडमध्ये खिळ्यांना लटकलेल्या सापडल्या. फावडी, बादल्या, फाटका होज, आणि मधे माझा लसूण. एखाद्या जुडीतून चार गड्डे काढलेले दिसले असते तरी मी गप्प बसले असते. सगळा हिवाळा गोठून वितळून गड्डे पोकळ झालेत. दाबला तर नुसता फोलपटाचा आवाज.

यामिनी तिथंच होती, तिला धरलं. शरदचंद्रांची बायको. नवरा रिटायर इंजिनियर, आमच्या गार्डनातल्या मराठी लोकांचा आपणहून झालेला पुढारी.

"अहो जयंतीताई, चातुर्मास होता ना," म्हणाली. "तुम्ही आणून दिलात तोवर आषाढी होऊन गेली होती. आमच्याकडे चार महिने लसूण घरात नाही चालत. वासही नको म्हणून ह्यांनी इथं टांगला. आमचं बघून बाकीच्यांनीही टांगला. मग कार्तिकी येईपर्यंत गार्डन बंद, वर स्नो."

"मग घेताना तोंड उघडायचं."

"तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलात, नाही कसं म्हणणार?"

"प्रेमानं दिलेलं खातात, यामिनीताई. टांगत नाहीत."

हसली. मी काही विनोद केला नव्हता.

जुड्या काढताना पातीतून बारकी करडी पाखरं भुरकन उडाली. तांदळाच्या दाण्याएवढी. पंख मिटले की पाठीवर एक पांढरा ठिपका. एक माझ्या तोंडातच गेलं, थुंकून टाकलं. वाळल्या पातीवर जाळी विणल्यासारखे बारके कोष चिकटलेले, नाजूक काम, आतून रिकामे. ते काही नवीन नाही. ओटावाला लेकीकडेही वाळत्या पातीवर अशी जाळी असायची. पात वाळताना जाळी धरते.

गड्डे फेकले. पात फेकवेना. माझ्या वाफ्यावर पसरली, उरली ती यामिनीच्या वाफ्यावर टाकली. ती नको नको करत होती. नको म्हणायची हिला आत्ता आठवण झाली.

हे सगळं घरी मिलिंदला सांगायला लागले तर म्हणाला, "आई, लिहून काढ, तुला बरं वाटेल." म्हणजे त्याला बरं वाटेल. चौथी शिकलेल्या आईला ऑफिसातली डायरी आणून दिली आणि स्वतः कानात बोंडं घालून बसला. ठीक आहे. लिहिते.

२२ मे, रविवार

आज सगळा वाफा खुरपला. लसूण गुडघ्याला लागलाय. ते बघून अंगावर मूठभर मांस चढलं.

हा वाफा मिळायला मी थांबले किती. मिलिंदचा काँडो चौदाव्या मजल्यावर. खिडकी चार बोटं उघडते, पुढं उघडत नाही, माणसानं उडी मारू नये म्हणून. खाली बघितलं की गाड्या, वर बघितलं की विमानं. सुनेची नोकरी, मुलाची नोकरी, नातीची शाळा. नातीला काही विचारलं तर "आय डोन्ट नो, आजी" एवढंच. ओतूरला माझ्या हाताखाली दीड एकर लसूण असायचा. इथं चार हात बाय आठ हात आहे. तेवढा आहे म्हणून मी अजून शहाणी आहे, हे मी देवाशप्पथ लिहिते.

लोकांना वाटतं बी ओतूरचं. मी "घरचं बी" म्हणते, त्यांनी गावचं समजून घेतलं, मी खुलासा करत बसले नाही. खरं म्हणजे ते माझ्या लेकीच्या, सीमाच्या घरचं. तिची दोन बाळंतपणं काढायला ओटावाला होते, तिथं शेजारी पिएर नावाचा फ्रेंच म्हातारा लसूण लावायचा. त्यानं सीमाला बी दिलं, मी तिच्या परसात वाढवलं, आणि मिलिंदकडे आले तेव्हा दोन जुड्या पातीसकट घेऊन आले. जांभळ्या सालीचा, तिखट, असा की ठेचा केला तर डोळ्यांतून पाणी.

पिएर तसा वेडाच. लसणाच्या वाफ्यावर पांढरं पातळ कापड पांघरून ठेवायचा, कडांना दगड. मी सीमाला म्हटलं, ह्याला काय वाटतं, लसणाला सर्दी होते? ती काहीतरी किड्याबिड्याचं सांगत होती. मी हसून घेतलं.

५ जून, रविवार

पातीला काहीतरी झालंय.

शेंडे पिरगळलेत. पातीवर पांढरे पट्टे, जणू आतून कुणी खरवडून काढलंय आणि वरचा पापुद्रा तेवढा ठेवलाय. उजेडाकडे धरली तर पलीकडचं दिसतं. एक पात उभी चिरली तर आत अळी. पिवळट, डोकं तपकिरी, नखाएवढी लांब. चिरडली. मग दुसरी. सकाळभर चिरडत बसले, बोटं हिरवी झाली.

यामिनीच्या कांद्याच्या पातीतही. पोकळ नळीत आत बसून खातात, आरामात, बाहेर कुणाला पत्ता नाही. शरदचंद्रांनी लावलेलं ते लीक, जाडं पांढऱ्या कांद्यासारखं, त्याचा तर गाभाच खाल्लाय. ते चष्मा कपाळावर चढवून बघत होते.

"हे गेल्या वर्षी नव्हतं," म्हणाले.

"गेल्या वर्षी तुमचं लीकही नव्हतं," मी म्हटलं.

गेल्या वर्षी माझ्या पातीवर दोन-चार ठिकाणी अशी पांढरी रेघ होती खरी. पण दोन-चार ठिकाणी. ते धरायचं नसतं.

१६ जून, गुरुवार

आज शेती खात्याची बाई आली होती. तरुण, सोनेरी केस, बूट आपल्या सालदारासारखे. ती वाफ्यावाफ्यापाशी जाऊन ज्याचं त्याला विचारत होती. माझ्याकडून बोलायला अनुयाला ऑफिसातून अर्धी रजा काढायला लावली. सून कम्प्युटरमधली आहे, इंग्रजी फाडफाड. म्हटलं, एवढं तरी सासूच्या कामी येऊ दे.

बाईनं एक फोटोचा कागद दाखवला. शेडमधलंच पाखरू, पांढऱ्या ठिपक्याचं. मग अनुयानं सांगितलं ते असं: हा पतंग इकडचा नाही, युरोप-आशियाकडचा. रात्रीचा उडतो. मादी पातीवर एकेक अंडं घालते, अळी आत शिरते, वाढली की बाहेर येऊन पातीवरच जाळीचा कोष विणते. उन्हाळ्यात दोन-तीन पिढ्या होतात. शेवटची पाखरं पालापाचोळ्यात, शेडबिडमध्ये लपून सगळी थंडी काढतात आणि बर्फ गेला की बाहेर. कांदा, लसूण, लीक, एवढ्यावरच जगतो, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही.

म्हणजे खाण्यापिण्याचा नेम यामिनीच्या घरच्यापेक्षा उलटा, एवढाच फरक.

बाईनं वाफ्याच्या टोकाला एक कागदी तंबू टांगला, आत गोंद आणि मादीचा वास. त्यात नर येऊन चिकटतात. मादी नाही येत. मी म्हटलं, मग उपयोग काय? अंडी काय नर घालतात? अनुयानं हे सांगितलं नाही, पण बाई माझ्या तोंडाकडे बघून हसली. ती मला बरी वाटली.

मग बाईनं काहीतरी विचारलं त्यात 'ओटावा' आलं. दोनदा आलं. मला आनंद झाला, म्हटलं, "सांग तिला, आमची सीमा ओटावाला असते." अनुया माझ्याकडे बघत राहिली. चेहरा पांढरा. मग बाईकडे वळून म्हणाली, "नो."

एक शब्द. बाई एवढी लांब बोलली, एवढं मोठं विचारलं, आणि हिनं सासूच्या वतीनं "नो" म्हणून संपवलं. घरात मीटिंग असली की तासतास बोलते.

गाडीत बसल्यावर म्हणते, "आई, तो लसूण सीमाताईंकडचा आहे हे इथं कुणाला सांगू नका, प्लीज."

"का?"

"कारण ती लेडी म्हणत होती की हा पतंग ह्या बाजूला पहिल्यांदा..."

मी पुढं बोलू दिलं नाही. का ते मला कळतं. नणंदेचं नाव झालेलं हिला बघवत नाही. दिवाळीला सीमानं साडी पाठवली तेव्हाही हेच तोंड होतं. म्हटलं, "अनुया, माझी लेक तुझ्यापेक्षा कमी शिकली असेल, पण तिच्या परसात लसूण पिकतो. तुझ्या बाल्कनीत तुळस टिकत नाही."  घरापर्यंत तिनं वायपर चालू ठेवला होता, पाऊस नसताना.

२६ जून, रविवार

सकाळी वाफ्यावर गेले तर बघते काय. माझ्या सगळ्या लसणावर पांढरं कापड. पातळ, आरपार दिसणारं, कडांना ओळीनं दगड लावलेले. मढ्यावर घालतात तसं. बाकी कुणाच्या वाफ्यावर नाही, फक्त माझ्या. मला वाटलं शरदचंद्रांनी केलं, ह्या वाफ्यात कीड आहे अशी खूण म्हणून.

भांडायला निघाले तर फोन. अनुया. "आई, तुम्ही गार्डनवर आहात का? कापड मी टाकलंय. परवा ऑफिसातून येताना. प्रत्येक पात बघून, अळ्या काढून मग टाकलंय. पुढची पाखरं आता निघतील, ती आत जाऊन अंडी घालू शकत नाहीत. काढू नका."

ऑफिसातून येऊन हिला कधीपासून मातीत हात घालावासा वाटायला लागला? लग्नानंतर सहा वर्षांत हिनं कोथिंबीर निवडलेली मी बघितली नाही. नखांना रंग लावलेला.

"लसणाला ऊन लागतं," मी म्हटलं.

"आई, ऊन जातं त्यातून. पाऊसपण जातो."

"पिएर म्हाताऱ्यानं सांगितलं का तुला?"

"कोण पिएर?"

फोन ठेवला. कापड काढलं, झटकलं, घडी घातली. लसणानं मोकळा श्वास घेतल्यासारखा वाटला मला. कापड मात्र चांगलं आहे. बाल्कनीत त्यावर कुरडया घातल्या. अनुयानं संध्याकाळी बघितल्या.  एक उचलून तोंडात टाकली, ओलीच, आणि आत गेली. नखांचा रंग निघालेला दिसला, त्याच्याखाली हिरवं.

९ जुलै, शनिवार. कांदेनवमी

आज गार्डनवर सगळे जमले. परवा एकादशी, चातुर्मास लागणार, मग चार महिने वाळीत टाकायचा त्या कांद्या-लसणाला आज शेवटचं पोटभर खायचं. कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, भरल्या कांद्यांचा रस्सा. कांदे सगळे ग्रोसरीतले, कारण वाफ्यातल्यांना कीड. मी लसणाची चटणी नेली होती, माझ्या गेल्या वर्षीच्या शेवटच्या गड्ड्यांची. तेवढी मात्र पुसून खाल्ली सगळ्यांनी.

खाऊन झाल्यावर शरदचंद्र उभे राहिले. कमिटीनं ठरवलंय म्हणाले. कांदा, लसूण, लीक सगळं उपटून काळ्या पिशव्यांत भरून द्यायचं. दोन वर्षं गार्डनमध्ये त्यातलं काही लावायचं नाही. शेड रिकामी करून धुवायची. चोवीस तारखेला रविवारी मीटिंग आहे, कमिटीची गोरी मंडळी आणि शेती खात्याची बाई पण येणार. जो उपटणार नाही त्याचा वाफा जाईल.

"माझा अजून पंधरा दिवसांनी तयार होईल," मी म्हटलं. "आत्ता उपटला तर गड्डा भरणार नाही."

"जयंतीताई, रूल सगळ्यांना सारखा."

"कीड आणली कुणी तेही सगळ्यांना सारखं का? ह्या पतंगाचं नाव काय सांगितलं बाईनं? लीकचा पतंग. लसणाचा नाही. आता लीक ह्या गार्डनमध्ये कुणी लावलं?"

लोक हसले. शरदचंद्रांचे कान लाल झाले. आणि मग ते गोड आवाजात बोलले, अगदी शाळेत मास्तर मुलाला उभं करतात तसे.

"ताई, आता विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. तुमचं ते घरचं बी. ओतूरहून आणलंत ना? एअरपोर्टवर डिक्लेअर केलं होतंत? कारण तसं नसेल तर तो गुन्हा आहे इथं. आपल्या सगळ्यांचं नाव खराब होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. यामिनीसुद्धा. माझ्या घरातून बाळंतविडा नेलेली ती काळेंची सून, तीही. माझ्या तोंडात भजं होतं. गिळून बोलणार तेवढ्यात अनुयानं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "आई, चला. आई, घरी चला. आत्ता." आणि शरदचंद्रांना म्हणाली, "काका, ऑफिशियल काही असेल तर मला मेल करा. आईंना असं विचारायचं नाही." 

एवढंच. सासूला चारचौघांत चोर म्हटलं आणि सून म्हणते मेल करा. मी चोर नाही, एवढं म्हणायला काय झालं होतं? एका वाक्याचं काम होतं. हा लसूण देशातून लपवून नाही आणला, कॅनडाचाच आहे, ओटावाचा. संपलं. सगळ्यांची तोंडं बंद.

भज्यांचा डबा तिथंच राहिला.

११ जुलै, सोमवार

सीमाला फोन लावला. म्हटलं, यंदाचा तुझा लसूण निघाला का? म्हणे, "निघतोय, पण आई, यंदा आमच्याकडेपण खूप त्या..."

म्हटलं, रडगाणं नको, मला एक चांगली जुडी पाठव. पातीसकट बांध, मी शिकवली तशी. तिच्या ओळखीचा नंदन म्हणून कुणी आहे, तो ह्या रविवारी गाडीनं इकडं आमच्या एटोबिकोला येणार आहे, त्याच्या हातून. मीटिंगमध्ये टेबलावर ठेवणार. म्हणावं, बघा, हे मूळ बी. ह्याला काय झालंय दाखवा.

"आई, पात कापून पाठवू का? पातीतच तर ते..."

"पात कापलेला लसूण दुकानात मिळतो, सीमा."

मिलिंदला सांगायला गेले की मीटिंगला तू चल. कानातली बोंडं काढून म्हणाला, "आई, एका गार्डनसाठी एवढं? मी तुला कुंड्या आणून देतो." कुंड्या. बापाचा दीड एकर ह्यानं कुंडीत घातला.

१८ जुलै, सोमवार

काल जुडी आली. नंदन खाली लॉबीत देऊन गेला. गड्डे बारके आहेत यंदा, पण साल जांभळी, वास तोच. पातीवर जाळीचे कोष आहेत, भरलेले. म्हणजे नैसर्गिक आहे, औषध न मारलेलं. बाल्कनीत टांगली.

अनुया ऑफिसातून आली, बाल्कनीत गेली आणि तिथंच उभी राहिली. पर्स खांद्यावर तशीच. मग आत येऊन हळू म्हणाली, "आई, हे कुठून आलं?"

"ओटावाहून. रविवारी नेणार आहे."

ती खाली बसली. सोफ्यावर नाही, जमिनीवर. "आई, मला एकदा पूर्ण बोलू द्या. प्लीज. फक्त एकदा. मी त्या लेडीला खोटं सांगितलंय. तुमच्यासाठी. तिनं विचारलं होतं की..."

"माझ्यासाठी तू 'नो' म्हणालीस. ऐकलं मी. माझ्यासाठी बोलायचं असेल तर रविवारी बोल. सगळ्यांसमोर. पूर्ण बोल, कुणी अडवत नाही."

रडायला लागली. कांदा चिरत नव्हती, काही नाही. मिलिंद आतून म्हणाला, "काय झालं?" आणि आला नाही.

मला रडणारी माणसं समजत नाहीत. वाफा माझा जाणार, चोर मला म्हटलं, चौदाव्या मजल्यावर मी बसणार, आणि रडते ही. उद्या सकाळी उठून जुडी गायब झालेली असेल तर मला कळेल कुणी केलं. म्हणून काढून माझ्या खाटेखाली ठेवली आहे. पाखरं निघाली तर निघू देत, माझ्याच खोलीत आहेत.

बोलून उपयोग नाही हिच्याशी, बोललं की डोळ्यांत पाणी. म्हणून चिठ्ठी लिहिली आहे, फ्रिजच्या दारावर लावते, म्हणजे दिसेल. इथंही उतरवून ठेवते, मागाहून कुणी म्हणायला नको की सांगितलं नाही.

अनुया,
रविवारी अकराला मीटिंग आहे. तू माझ्याबरोबर यायचंस आणि इंग्रजीतून सांगायचंस की हा लसूण देशातून चोरून आणलेला नाही. तो ओटावाचा आहे, सीमाच्या परसातला, आणि मी तो स्वतः इथं आणला, पातीसकट. पुरावा म्हणून जुडी मी नेते. उपटायला सांगितलेला माझा लसूण मी तोवर उपटणार नाही.
तू बोलणार की नाही, हे मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांग. हो किंवा नाही. रडायचं नाही.
नाही म्हणालीस तर मी बोलेन. माय गार्लिक, नो इंडिया, ओटावा. एवढं मला येतं. त्या खात्याच्या बाईसमोर जाऊन सांगेन, तिला कळेपर्यंत सांगेन.
शुक्रवार. सहाच्या आत.